नेटबॉलला ऑलिंपिकचा दाखला कशाला?

ग्लासगोने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये २०२६च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दहा खेळांची यादी जाहीर केली तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट आली. हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, कुस्ती नाही, क्रिकेट नाही, टेबल टेनिस नाही, नेमबाजी तर २०२२च्या बर्मिंगहॅम स्पर्धांपासूनच गेलेली. आणि नेटबॉल, बास्केटबॉलवरून निघालेला बायकांचा खेळ, मात्र शाबूत! ‘हा नेटबॉल खेळतं तरी कोण?’ हा प्रश्न तेव्हा कितीतरी जणांनी विचारला. आपली हक्काची पदकं गेल्याचा राग मी समजू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने ऐनवेळी यजमानपद सोडल्यामुळे खर्च कापून, चारच ठिकाणी स्पर्धा आटोपण्याचा तो मार्ग होता, आणि त्यात आपल्या खेळाडूंचं नुकसान झालं हे खरंच आहे. पण तो प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर नको होतं. जो खेळ आपण खेळत नाही तो जगात कोणीच खेळत नसावा, असं त्यांनी धरून चाललं होतं.

त्याचं उत्तर पॅसिफिक महासागरात मिळतं. फिजी, सामोआ, टोंगा, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, कुक बेटं इथल्या गावागावांत बायका नेटबॉल खेळतात. आणि तिथेही या खेळाच्या जागेबद्दल वाद होतो. बेटांच्या राष्ट्रांचा आपला सामायिक क्रीडामेळा, म्हणजे पॅसिफिक गेम्स, दर चार वर्षांनी भरतो. त्यात नेटबॉल कायमचा असावा, की यजमानाला वाटलं तर घ्यावा आणि नको वाटलं तर वगळावा? २०११ साली न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ शहरात या स्पर्धा झाल्या तेव्हा पंचवीसहून अधिक खेळ होते, नेटबॉल नव्हता. २०२७चं यजमानपद ताहितीकडे, म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियाच्या मुख्य बेटाकडे आहे, आणि ताहितीतही नेटबॉल घरचा खेळ नाही. म्हणून हा प्रश्न पुन्हा समोर आहे. माझं मत असं, की पॅसिफिक गेम्समध्ये नेटबॉल प्रत्येक वेळी असलाच पाहिजे, यजमान कोणीही असो. खेळ ऑलिंपिकमध्ये आहे की नाही आणि तो मुळात कुणाचा, या दोन्ही कसोट्या इथे गैरलागू आहेत. तो खेळ कोण खेळतं, आणि तो काढला तर कोणाच्या पायाखालचं मैदान जातं, हे पाहिलं पाहिजे.

हा मेळा सुरू कसा झाला, ते आधी आठवावं लागेल. १९५९ साली दक्षिण पॅसिफिक आयोगाच्या परिषदेत फिजीचे एक प्रतिनिधी, डॉ. ए. एच. साहू खान, यांनी अशा स्पर्धांची कल्पना मांडली. हे गृहस्थ भारतीय वंशाचे होते. फिजीत ऊस तोडायला गिरमिटिया मजूर गेले, त्या समाजातल्या एका माणसाने संबंध महासागराला एकत्र खेळवण्याचा विचार मांडावा, याचा आपण भारतीयांनी आनंद मानावा. १९६३च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फिजीची राजधानी सुवा इथे पहिल्या स्पर्धा झाल्या आणि तेरा प्रदेशांचे खेळाडू आले. तेव्हा सामोआ नुकता स्वतंत्र झाला होता. बाकीचे बहुतेक प्रदेश कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात होते. त्या पहिल्या यादीत नेटबॉल होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नला नेटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा भरली. म्हणजे या खेळाचा जागतिक इतिहास आणि पॅसिफिकमधला स्पर्धेचा इतिहास जवळजवळ एकाच वयाचे आहेत. तो नंतर कुणाच्या आग्रहाखातर घुसवलेला खेळ नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप मूळ साम्राज्यात असल्याचा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बास्केटबॉलवरून हा खेळ घडला, शाळा आणि मिशनांच्या वाटेने वसाहतींत पोहोचला. चेंडू घेऊन धावायचं नाही, तीन सेकंदांत पुढे द्यायचा, समोरच्या खेळाडूला अंग लावायचं नाही, आपल्या ठरलेल्या भागाबाहेर जायचं नाही. मुलींनी फार धापा टाकू नयेत, फार धसमुसळेपणा करू नये, ही त्या काळची समजूत या नियमांमागे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग स्वतंत्र झालेल्या बेटांनी परक्या राज्यकर्त्यांच्या बायकांसाठी ठरवलेला हा संकोच का जपावा?

हा प्रश्न रग्बीबद्दल कधी विचारला जातो का? रग्बी, फुटबॉल, मुष्टियुद्ध, टेनिस, यांतला कोणता खेळ बेटांच्या मातीत उगवला? हे सगळे त्याच जहाजांतून आले. ‘वसाहतीचा खेळ’ हा शिक्का नेमका बायकांच्या खेळावरच बसतो, पुरुषांच्या खेळांवर बसत नाही. आणि आलेल्या खेळाचं लोक काय करतात, हे पाहायला याच महासागरात उत्तम दाखले आहेत. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअँड बेटांवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मेथडिस्ट मिशनऱ्याने क्रिकेट नेलं. तिथल्या लोकांनी त्यात आपली गाणी घातली, नाच घातले, संघात कितीही माणसं चालतील असं ठरवलं, आणि शेवटी जिंकायचं ते यजमान गावानेच, असा रिवाज पाडला. न्यू कॅलेडोनियात राज्य फ्रेंचांचं, तरीही इंग्रज मिशनऱ्यांनी आणलेलं क्रिकेट तिथल्या मूळच्या कानाक समाजाने सोडलं नाही. तिथे ते आज मुख्यतः बायका खेळतात, रंगीबेरंगी पायघोळ झगे घालून, आपल्या नियमांनी. झगाही मिशनचा, खेळही मिशनचा, पण ते मैदान पाहून कोणी म्हणेल का की या बायका परक्यांची नक्कल करताहेत?

आपल्याला तर हे सांगायलाच नको. मुंबईत पारशांनी १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तेव्हा तोही साहेबाचाच खेळ होता. त्याच खेळाच्या आधाराने पालवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, आणि त्याच खेळाच्या मैदानावर जातीच्या भिंतीला धडका देत त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. ज्यांना समाजाने जागा दिली नव्हती त्यांनी परक्या खेळात जागा करून घेतली. खेळ कुठून आला हे विचारावं, जरूर विचारावं. पण आल्यानंतर तो कोणाच्या उपयोगी पडला, हेही विचारायला नको का?

दुसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पॅसिफिक गेम्स इंग्रजी भाषिक बेटांची मक्तेदारी नाही. न्यू कॅलेडोनिया, फ्रेंच पॉलिनेशिया, वॉलिस आणि फुटुना हे फ्रेंच प्रदेश आहेत. ग्वाम, अमेरिकन सामोआ, उत्तर मारियाना यांचा संबंध अमेरिकेशी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय सत्तांनी नकाशावर ज्या रेघा मारल्या, त्या रेघांप्रमाणेच नेटबॉल खेळणारी आणि न खेळणारी बेटं वेगळी पडतात. ज्या मेळाव्याचा हेतूच त्या रेघा पुसण्याचा, त्याने अर्ध्या सदस्यांना अनोळखी असलेला खेळ सक्तीचा का करावा? ताहितीने मैदानं आखावीत, पंच आणावेत, आणि स्वतःचा संघ मात्र नसावा, हे यजमानावर अन्याय करणारं नाही का?

यात तथ्य आहे, आणि नेटबॉलचे समर्थक त्याला नीट उत्तर देत नाहीत. ‘आमच्याकडे लोकप्रिय आहे’ एवढंच म्हणून ताहितीच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. पण वाआ या खेळाकडे पाहा. वाआ म्हणजे बाजूला तोलकाठी लावलेल्या होड्यांची शर्यत. त्यात ताहितीचं वर्चस्व इतकं आहे की इतर बहुतेक संघ मागच्या जागांसाठी झुंजतात. वाआ ऑलिंपिकमध्ये नाही, आणि अनेक देशांना त्यात पदकाची आशाही नाही. तरी तो काढा असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. ताहितीचा खेळ इतरांनी ताहितीसाठी खेळावा, सामोआचा आणि टोंगाचा खेळ ताहितीने त्यांच्यासाठी मांडावा, ही देवाणघेवाणच या मेळाव्याचा गाभा आहे. प्रत्येक यजमानाने आपल्याला पदक मिळेल तेवढेच खेळ ठेवले, तर दर चार वर्षांनी भरणारा मेळा वेगवेगळ्या देशांच्या राष्ट्रीय स्पर्धांसारखा होईल. शिवाय न्यू कॅलेडोनिया एकूण पदकतालिकेत आजवर सगळ्यांच्या पुढे आहे. एका नेटबॉलच्या सुवर्णपदकाने त्यांचं पारडं हलणार नाही.

तिसरा आक्षेप ऑलिंपिकचा, आणि हाच मला सर्वांत उथळ वाटतो, जरी तो सर्वांत जास्त वेळा केला जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९५ साली नेटबॉलला मान्यता दिली, पण तो ऑलिंपिकमध्ये एकदाही खेळला गेलेला नाही. छोट्या देशांकडे पैसा थोडा. मग जो खेळ ऑलिंपिकची दारं उघडत नाही त्यावर तो का खर्चावा?

१९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धांत जे नवे सांघिक खेळ आले, त्यांत नेटबॉल होता आणि रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी, होती. त्या वेळी हे दोन्ही खेळ ऑलिंपिकबाहेर होते. सेव्हन्सला ऑलिंपिकमध्ये यायला २०१६ उजाडलं, आणि रिओत फिजीच्या पुरुष संघाने आपल्या देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं, तेही सुवर्ण. ती अठरा वर्षं सेव्हन्स कुठे जगला? प्रादेशिक आणि राष्ट्रकुल स्पर्धांनी त्याला ऑलिंपिकचा दाखला मागितला असता, तर फिजीच्या हातात ते सुवर्ण कुठून आलं असतं? मोठ्या स्पर्धा खेळ घडवत नाहीत, आधीच घडलेले खेळ घेतात. घडवण्याचं काम लहान स्पर्धांनी करायचं असतं.

महाराष्ट्राच्या माणसाला हे कबड्डीवरून लगेच पटावं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या खेळांचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्याला नव्वद वर्षं होत आली, कबड्डी अजून ऑलिंपिकबाहेरच आहे. पण आशियाई स्पर्धांनी तिला १९९० साली बीजिंगमध्ये घेतलं, आणि २०१०ला ग्वांगझूमध्ये महिलांची कबड्डीही आली. त्यामुळे काय झालं? इराणच्या मुली इतक्या तयार झाल्या की २०१८ला जकार्तात त्यांनी अंतिम सामन्यात भारताला हरवलं. त्या दिवशी आपल्याला वाईट वाटलं, पण कबड्डीची ती खरी वाढ होती. आशियाने कबड्डीसाठी जे केलं तेच पॅसिफिकने नेटबॉलसाठी करावं, एवढंच मागणं आहे.

पैशाचा मुद्दा मात्र ऑलिंपिकपासून वेगळा काढून पाहायला हवा, कारण तो खरा आहे. नाऊरूची लोकसंख्या जेमतेम बारा हजार. त्यांचा मार्कस स्टीफन १९९०च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धांत भारोत्तोलनात सुवर्ण जिंकला आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. एक खेळाडू, एक प्रशिक्षक, दोन विमानतिकिटं, आणि जगाने देशाचं नाव ऐकलं. नेटबॉलला बारा खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, पंच न्यावे लागतात, आणि सगळ्यांच्या वाट्याला मिळून एकच पदक. जलतरणात एकटी मुलगी चार-पाच पदकं आणू शकते. तुवालू किंवा नाऊरूने हा हिशेब मांडून नेटबॉलचा संघ पाठवला नाही, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण हा हिशेब प्रत्येक देशाने आपापल्यापुरता करायचा आहे. तो अख्ख्या स्पर्धेवर लादला, तर सांघिक खेळ एकेक करून गळतील, कारण पदकामागचा खर्च काढला की प्रत्येक सांघिक खेळ महागच ठरतो. मग फुटबॉल का ठेवायचा? तो का ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे: तो पाहायला लोक येतात, त्यात लोकांचा जीव आहे. नेटबॉलमध्येही आहे.

आणि इथे बायकांचा प्रश्न येतो, जो या सगळ्या वादात तळाशी असतो आणि उघड बोलला जात नाही. बायकांसाठी राखून ठेवलेला वेगळा खेळ ही जुनी विभागणी झाली, असं काही जणींचंही मत आहे. आज फिजीच्या महिला रग्बी सेव्हन्स संघाने टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलंय. मुली फुटबॉल खेळतात, वजनं उचलतात. मग नेटबॉल हीच बायकांची एकमेव वाट, असं म्हणणं आता खरं राहिलेलं नाही. ते म्हणणं समर्थकांनी सोडून द्यावं.

पण रग्बीत किंवा फुटबॉलमध्ये बायकांचा संघ पुरुषांनी चालवलेल्या संघटनेत येतो. तिथे त्यांचं अंदाजपत्रक, सरावाचं मैदान, प्रवास, सगळं पुरुषांच्या संघानंतर ठरतं. नेटबॉलची गोष्ट उलटी आहे. १९६० साली सिलोनमध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि वेस्ट इंडीजच्या प्रतिनिधी जमल्या, त्यांनी नियम एक केले आणि आंतरराष्ट्रीय महासंघाचा पाया घातला. तो महासंघ बायकांनी बायकांसाठी उभा केला. बेटांवरही तेच चित्र आहे. संघटनेच्या अध्यक्ष बायका, पंच बायका, प्रशिक्षक बायका, हिशेब ठेवणाऱ्या बायका. हे कुठल्या प्रदेशात? जिथे पापुआ न्यू गिनीच्या २०१७च्या निवडणुकीत एकही स्त्री निवडून आली नाही आणि २०२२ला ११८ जागांपैकी फक्त दोन आल्या. जिथे वानुआतूच्या संसदेत २०१६ आणि २०२०च्या दोन्ही निवडणुकांनंतर एकही स्त्री नव्हती. त्या प्रदेशात बायकांनी चालवलेल्या, देशभर शाखा असलेल्या संघटना मोजक्याच: चर्चमधली महिला मंडळं आणि नेटबॉल. चार वर्षांतून एकदा देशाच्या नावाने मैदानात उतरायची संधी त्या संघटनेकडून काढून घेतली, तर सरकारकडे मैदान मागायला जाताना तिने काय दाखवायचं?

टोंगाचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. लाखभर लोकांचा हा देश. स्थूलपणा आणि मधुमेह ही तिथली मोठी दुखणी, त्यातही बायकांमध्ये जास्त. २०१२ साली तिथे ‘काऊ माई टोंगा’ ही मोहीम ऑस्ट्रेलियाच्या मदतीने सुरू झाली. ‘चला टोंगा, नेटबॉल खेळू या’ असं तिचं सांगणं होतं. पदकाचा विचारही त्यात नव्हता. गावातल्या बायकांनी संध्याकाळी घराबाहेर पडावं, घाम गाळावा, एवढाच हेतू. बायकांनी मैदानावर जाणं हे संसार सोडून हुंदडणं नव्हे, हे नवऱ्यांना आणि सासवांना पटवणं हेही त्या कामात आलं. एका दशकानंतर, २०२३ला केपटाऊनच्या विश्वचषकात टोंगाचा संघ पहिल्यांदाच उतरला आणि पहिल्या आठांत आला. त्याच वर्षअखेर सॉलोमन बेटांच्या राजधानीत, होनियारात, पॅसिफिक गेम्समध्ये टोंगाने सुवर्ण जिंकलं. मोहिमेमुळेच सुवर्ण मिळालं, असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या टोंगन मुलींचा त्या संघात मोठा वाटा आहे. पण गावचं मैदान आणि देशाचा संघ यांच्यामध्ये जी पायरी लागते, ती होनियारात होती.

न्यूझीलंडचा उल्लेख आलाच आहे, तर तेही बोलू. बर्नीस मेने, मारिया टुटाइया या सामोअन वंशाच्या खेळाडू न्यूझीलंडकडून खेळल्या, गाजल्या. त्या न्यूझीलंडच्याच होत्या, त्यात गैर काही नाही. पण बेटांच्या लेकींचं कौशल्य मोठ्या शेजाऱ्यांच्या जर्सीतच जगापुढे येणार असेल, तर बेटांवर राहिलेल्या मुलींनी कोणाकडे पाहायचं? बेटांचे देश या खेळात मोठ्यांच्या बरोबरीला येऊ शकतात हे कॅरिबियनने दाखवलंय. १९७९ला त्रिनिदाद आणि टोबॅगोने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडबरोबर जागतिक विजेतेपद वाटून घेतलं. २०२२ला बर्मिंगहॅममध्ये जमैका अंतिम सामना ऑस्ट्रेलियाशी ५१-५५ असा हरली, आणि त्याआधी गटात तिने ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. पॅसिफिकला अशी मोठी स्पर्धा आपल्या घरी भरवण्याची संधी एकदा आली होती. २००७ची जागतिक स्पर्धा सुवात व्हायची होती. डिसेंबर २००६मध्ये फिजीत लष्करी उठाव झाला आणि ती ऑकलंडला गेली. बाहेरच्यांनी दिलेलं व्यासपीठ बाहेरचे परतही घेतात. आपला मेळा आपल्या हातात असतो.

२०२७ हे वर्ष तर या दृष्टीने अवघड आहे. ताहितीतल्या पॅसिफिक गेम्स आणि सिडनीतला नेटबॉल विश्वचषक एकाच वर्षी. चांगले संघ विश्वचषकाला जपणार, मग पॅसिफिक गेम्सला दुय्यम संघ येणार, अशी भीती आहे आणि ती रास्त आहे. त्यावर उपाय वेळापत्रकाचा आहे, खेळ काढण्याचा नाही. सराव स्पर्धा म्हणून दोन्ही जोडता येतात, तेवीस वर्षांखालचा संघ एका ठिकाणी पाठवता येतो.

आणि पैसा नाही असं या महासागरात आता कोणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने २०२४च्या डिसेंबरमध्ये पापुआ न्यू गिनीला आपल्या रग्बी लीगमध्ये संघ देण्यासाठी दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर कबूल केले. पुरुषांच्या त्या संघामागे चीनला दूर ठेवण्याचं राजकारण आहे, हे सगळे जाणतात. राजकारणासाठी का होईना, खेळासाठी एवढा पैसा निघतो. त्याच्या शंभराव्या हिश्श्यात, म्हणजे ६० लाख डॉलरांत, ताहिती, न्यू कॅलेडोनिया आणि वॉलिस-फुटुनात नेटबॉलचे प्रशिक्षक नेमता येतील, फ्रेंच बोलणाऱ्या पंच तयार करता येतील, शाळांत रिंगा उभ्या करता येतील, आणि गरीब देशांच्या संघांची विमानभाडी भरता येतील. पॅसिफिक गेम्स परिषदेने आपल्या सनदेत नेटबॉल सक्तीच्या खेळांत घालावा, आणि ज्या यजमानाकडे हा खेळ नाही त्याला स्पर्धेच्या चार वर्षं आधीपासून ही मदत मिळेल असं त्याच कलमात लिहावं. पहिल्या वर्षी ताहितीचा संघ प्रत्येक सामना मोठ्या फरकाने हरेल. वाआमध्ये टोंगा आणि सॉलोमन बेटं ताहितीकडून तशाच हरत आली आहेत, आणि तरी दर वेळी होडी घेऊन येतात.